उसनी मांडी

तोर्रेब्रुना गावात सेल्दोनीच्या बसमध्ये जागा मिळणं मानाचं समजलं जाई. बस सेल्दोनीची नव्हती, भाड्याची होती, आणि ती चालवायचा बेर्नात. पण डिसेंबरातल्या मरियामातेच्या सणाला पहाटे चर्चसमोरून सुटणारी आणि रात्रीच्या जेवणाच्या आत अंदोराहून परतणारी ती बस गावाच्या तोंडी सेल्दोनीचीच होती. गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे वजनावर, बिजागऱ्या जोडीवर, आणि प्रत्येक खणाबाहेर आत काय आहे ते दाखवणारा एक नमुना तारेने बांधलेला. असा माणूस सहल काढतो तेव्हा ती बिनचूक निघते, असा लोकांचा विश्वास होता आणि तो विश्वास सेल्दोनीला सुपारीच्या खांडासारखा जिभेखाली धरून ठेवायला आवडायचा.

अंदोराला का जायचं हे कुणी कुणाला सांगत नसे. डोंगरांच्या खोबणीत बसलेला तो एवढासा देश, सकाळी शिरलं की दुपारपर्यंत पायी संपेल असा. पण साखर, लोणी, लाल सालीचं गोल चीज, सिगारेटी, दारू, सगळं तिकडे स्वस्त. स्पेन तेव्हा युरोपच्या बाजारात सामील व्हायचा होता. परतताना जकात नाका लागे आणि माणशी किती न्यायचं ते ठरलेलं असे. आता बसमध्ये कुणी चार घरांचं लोणी घेतलेलं असे, तर कुणी नुसती दुकानांची रोषणाई बघून आलेलं. म्हणून सीमेच्या अलीकडे, सान जुलिया गावाच्या वाहनतळावर, बेर्नात बस थांबवी आणि सेल्दोनी मधल्या वाटेत उभा राही.

"चला, सारखं करून घेऊ."

मग याचं लोणी त्याच्याकडे, तिची बाटली हिच्याकडे. ज्याच्या मांडीवर जी वस्तू ठेवली ती नाका ओलांडेपर्यंत त्याची. कुणी विचारलं तर "माझी" म्हणायचं आणि नजर हलवायची नाही. याला बसमध्ये मांडी उसनी देणं म्हणत. म्हाताऱ्या माणसांची मांडी जास्त चाले, कारण नाक्यावरचे शिपाई त्यांना उठवत नसत.

सेल्दोनीने या कामाला दोन नियम घालून दिले होते. पहिला, विचारल्याशिवाय कुणाच्या मांडीवर काही ठेवायचं नाही. दुसरा, यंत्रं यात नाहीत. रेडिओ, घड्याळ, इस्त्री जे काय घ्यायचं ते ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर न्यावं. एका वर्षी कुणाच्या तरी रेडिओपायी सगळी बस थंडीत खाली उतरवली होती, तेव्हापासूनचा हा नियम. त्यानंतर सेल्दोनीच्या बसमधून एक टाचणीसुद्धा जप्त झाली नव्हती.

बसमध्ये एकच मांडी अशी होती जी कधी कुणाला मिळाली नाही. ती एंग्रासियाची.

एंग्रासिया विधवा होती, मूळची डोंगरातली, लग्न होऊन खाली सपाटीवर आलेली. तिची धाकटी बहीण सान जुलियातच राहायची. सगळे दुकानांकडे धावायचे तेव्हा ही बहिणीकडे जाई, कोबी-बटाट्याचा खरपूस रगडा खाई, आणि बहिणीने भरून दिलेली वेताची टोपली घेऊन वेळेवर वाहनतळावर येऊन उभी राही. टोपलीवर निळ्या चौकड्यांचा रुमाल. सारखं करायची वेळ आली की पाव-भट्टीवाली किमेता मुद्दाम हाक मारी.

"एंग्रासिया, एक चीज ठेवतेस का गं? मूल नाही मागत, चीज मागतेय."

"नाही."

"अगं, तुझी मांडी झिजेल का?"

"माझी आहे, झिजली तर माझी झिजेल."

बस हसे. तिला मागून 'संत एंग्रासिया' म्हणत. नाक्यावर तर ती शिपाई चढायच्या आधीच रुमाल बाजूला करून टोपली उघडी ठेवायची. नाक्यावरचा जुना जाडा शिपाई दरवर्षी हात हलवून म्हणे, "राहू द्या बाई, तुमचं माहीत आहे." आणि पुढे जाई. सेल्दोनीच्या मनात तिच्याबद्दल आदर होता. तो म्हणे, बसमध्ये असं एक माणूस असलेलं बरं, त्याने बाकीच्यांचीही पत राहते.

त्या वर्षी सेल्दोनीला आजोबा होण्याचे वेध लागले होते. त्याची मुलगी रुझे ल्यैदा शहरात दिली होती, आणि तिला फेब्रुवारीत बाळ व्हायचं होतं. बायको फिलोमेना वळणांच्या रस्त्याला घाबरायची, उलट्या व्हायच्या, म्हणून ती सहलीला कधीच येत नसे. दुकानाच्या छपराची कौलं यंदा बदलायची असं दोघांचं ठरलं होतं, आणि त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे सेल्दोनीने त्या दिवशी "हाताशी असू द्यावेत" म्हणून खिशात घेतले. हाताशी कशाला, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

सान जुलियातल्या एका दुकानाच्या काचेत तो कॅमेरा त्याने दोन वर्षांपूर्वी पाहिला होता. मागच्या वर्षी पुन्हा जाऊन पाहिला. यंदा तो आत गेला. विक्रेत्याने कॅमेरा हातात दिला तेव्हा त्याचं वजन त्याला एकदम ओळखीचं वाटलं, चांगल्या कुलपासारखं. बाहेर आला तेव्हा जाड कोटाच्या आत खोका होता.

वाहनतळाकडे चालताना त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. कोटात ठेवला तर? सहलीच्या पुढाऱ्याला शिपाई हटकून उठवतात. बसमध्ये कुणाला सांगितलं तर? नियम आपणच केलेला, यंत्रं यात नाहीत. शिवाय गावात शिरायच्या आत फिलोमेनाला कळणार. आसनाखाली ठेवला तर पहिल्याच झटक्यात सापडेल. एकच जागा अशी होती जिथे कुणी हात घालत नव्हतं.

एंग्रासिया वाहनतळावर आली होती. टोपली बसच्या पायरीशी ठेवून ती बहिणीला निरोप द्यायला परत वळली. दोघी बहिणी एकमेकींचे दंड धरून काहीतरी बोलत होत्या, वर्षातून एकदाच भेटणारी माणसं बोलतात तशा, एकदम आणि एकमेकींच्या वरून.

"बेर्नात, मी तिची टोपली आत घेतो," सेल्दोनी म्हणाला.

"घे की. पुण्य लागेल," बेर्नात आरशात केस नीट करत म्हणाला.

बाकीची मंडळी अजून दुकानांतून परतायची होती. टोपली उचलून त्याने तिच्या आसनावर ठेवली. रुमाल उचलला. आत बहिणीने घरी भरलेलं डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, साखरेची पुडी, एक गोल चीज, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कसलीतरी वाळलेली पानं. सगळ्याच्या खाली त्याने खोका सरकवला आणि रुमाल होता तसा घातला. इतका होता तसा, की चौकड्याही जुळवल्या. मग सगळे आल्यावर मधल्या वाटेत उभा राहून तो म्हणाला, "चला, सारखं करून घेऊ."

त्या दिवशी ते काम करताना पहिल्यांदाच त्याचे हात ओले होते. किमेताचं लोणी त्याने मागच्या आसनावरच्या सादुर्नीच्या मांडीवर ठेवलं तेव्हा सादुर्नी म्हणाला, "सेल्दोनी, बरं नाही का? म्हणजे मरायचा असशील तर नाक्याच्या पलीकडे मर, प्रेताची वेगळी जकात असेल."

नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. सणाचा दिवस. बस मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि नदीचा आवाज काचेतून येत होता. शेवटी दार उघडलं. जुना जाडा शिपाई नव्हता. एक तरुण सार्जंट वर चढला, नवी टोपी, कानांच्या पाळ्या थंडीने लाल. सेल्दोनीने हसून यादी पुढे केली, नेहमीसारखी. सार्जंटने यादी घेतली नाही. तो सरळ आत चालत आला.

एंग्रासियाने सवयीप्रमाणे रुमाल बाजूला केला आणि टोपली पुढे केली. "बघा, साहेब."

तिने स्वतःहून दाखवलेली टोपली त्याने बघितली. जुना शिपाई असता तर हात हलवून गेला असता. हा नवीन होता, आणि कुणीतरी "बघा" म्हटल्यावर बघायचं असतं एवढंच त्याला माहीत होतं. त्याने सॉसेज उचललं, साखर उचलली, आणि खालून खोका बाहेर काढला.

पुढच्या आसनांवरच्या माना मागे वळल्या.

"हा कुणाचा?" सार्जंटने स्पॅनिशमध्ये विचारलं.

एंग्रासिया खोक्याकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि बसमध्ये नजर फिरवली. पुढून मागे, एकेका चेहऱ्यावरून. सगळे तिच्याकडे बघत होते, कुणी तोंड उघडं ठेवून, कुणी भुवया चढवून. फक्त सेल्दोनी काचेतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक लोखंडी कठडा होता आणि त्याचा रंग उडालेला होता.

"बाई, मी विचारलं हा कुणाचा? तुमचा नसेल तर सगळ्यांना खाली उतरवून एकेक पिशवी उघडतो."

"माझा," एंग्रासिया आपल्या कातालान बोलीतच म्हणाली.

"तुमचा?"

"माझ्या टोपलीत आहे ना? मग माझा."

सेल्दोनीने तेव्हा तोंड उघडलं होतं, असं तो पुढे स्वतःला अनेकदा सांगे. तोंड उघडलं होतं हे खरं होतं. पण त्याच क्षणी त्याच्या मनाने झटपट हिशेब केला की आता बोललं तर बस रिकामी करतील, प्रत्येक मांडीवरची वस्तू बाहेर येईल, सगळ्या गावाचं नुकसान होईल. हिशेब बरोबर होता. फक्त तो हिशेब त्याने गावासाठी केलेला नव्हता.

तिला खाली उतरवलं. नाक्याच्या खोलीच्या काचेमागे ती टेबलाशी उभी असलेली बसमधून दिसत होती, पाठ ताठ, डोक्यावरचा रुमाल घट्ट. कॅमेरा जप्त झाला. तिचं नाव लिहून घेतलं. आणि घरचं मांस सीमेपार नेता येत नाही हे त्या नव्या माणसाला नेमकं आठवलं, म्हणून बहिणीने भरलेलं सॉसेज त्याने खोलीबाहेरच्या पिंपात टाकलं. एंग्रासिया परत बसमध्ये चढली तेव्हा टोपली हलकी होती आणि ती तिने दोन्ही हातांनी धरली होती.

बस सुटली. पहिलं वळण झालं. मग किमेताला राहवेना.

"एंग्रासिया! अगं कॅमेरा? आम्ही बापडे चीजची पापं करतो, आणि तू?"

आणि मग जो हशा फुटला तो दरीतून सगळीकडे पसरला असेल. सुटकेचा हशा होता तो. आपलं लोणी वाचलं, आपली बाटली वाचली, आणि वर संतच पकडली गेली. 

"म्हणून मांडी देत नव्हती हो! टोपली भरलेली होती!"

"दरवर्षी काय काय गेलं असेल गं त्या रुमालाखालून? एखादा दूरदर्शन संच?"

"आणि आम्हाला 'नाही, नाही'! जुन्या शिपायालाही चांगलं शिकवून ठेवलं होतंस!"

त्यात द्वेष नव्हता, हे सेल्दोनीला कळत होतं. उद्या ती भट्टीवर आली की तिला जास्तच आपुलकीने पाव देतील. आजपासून ती त्यांच्यासारखीच झाली, एवढाच त्यांचा आनंद होता. पण बत्तीस वर्षं तिने जे सांभाळलं होतं ते गेलं, आणि ते नेणारा हात त्याच्या कोटाच्या खिशात गोळा होऊन पडला होता. सीमेपलीकडचं ऊर्जेल गाव ओलांडून बस घळीत शिरली, दोन्ही बाजूंचे कडे काळे पडले, आणि काचेत एंग्रासियाचा चेहरा दिसू लागला. ती काचेतून त्याच्याकडे बघते आहे की अंधाराकडे हे त्याला ठरवता येईना.

वाटेत पोन्त्स गावी कॉफीसाठी बस थांबायची. सगळे खानावळीत शिरले. एंग्रासिया कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी बसली होती. सेल्दोनी तिच्यासाठी दुधाची कॉफी घेऊन गेला. तिने शेजारच्या खुर्चीवर टोपली ठेवली. तो उभाच राहिला.

"एंग्रासिया."

"तुझाच ना?"

त्याने बशी टेबलावर ठेवली. "तुला कसं कळलं?"

"दुसरा कुणीही असता तर त्याने मला विचारलं असतं, आणि मी नाही म्हटलं असतं. मी नाही म्हणणार हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच न विचारता ठेवलं." तिने कॉफी ओढून घेतली. "शिवाय सगळे माझ्याकडे बघत होते. तू कठडा बघत होतास."

"मग तू माझा का म्हणालीस?"

"लहान होते तेव्हा आमच्या गावचे बाप्ये अंदोराची तंबाखू पाठीवर बांधून डोंगर उतरायचे. माझा बापही. गठ्ठे स्वतःचे नसायचे, खालच्या व्यापाऱ्यांचे. एका थंडीत त्याला धरलं. गठ्ठा कुणाचा विचारलं तर म्हणाला, माझा. व्यापाऱ्याचं नाव सांगितलं नाही. ऊर्जेलच्या तुरुंगातून परत आला तो खोकत आला, आणि पुन्हा कधी नीट उभा राहिला नाही." तिने साखर घातली नव्हती तरी ती चमचा फिरवत राहिली. "म्हणून मी कुणाचं मांडीवर घेत नाही. आज तो पोरगा सगळ्यांना खाली उतरवतो म्हणाला, आणि माझ्या तोंडून बापाचंच उत्तर निघालं. पण माझ्या बापाला निदान गठ्ठा देताना विचारलं होतं, सेल्दोनी."

मग त्याला जे सुचायला नको होतं तेच सुचलं. "जे काय भरावं लागेल ते मी भरीन."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला.

"भर. ते तू भरायचंच आहे, त्यात विचारायचं काय? पण उद्या सकाळी मी भट्टीवर पाव आणायला जाईन. किमेता विचारील. तेव्हा मी काय सांगू? ते तेवढं मला सांग."

शेवटच्या टप्प्यात सोडत निघायची. वाईनची बाटली आणि बदामी तुरोन मिठाईचा डबा. बेर्नातने ध्वनिक्षेपक सेल्दोनीच्या हातात दिला आणि आतले दिवे लावले. सगळ्यांनी आपापली चिठ्ठी हातात धरली. सेल्दोनीने घसा साफ केला.

"सोडतीच्या आधी एक सांगायचं आहे. तो कॅमेरा माझा होता. एंग्रासियाच्या टोपलीत मी ठेवला. तिला न विचारता."

त्याला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

मग किमेताने टाळी वाजवली.

"वा रे वा! याला म्हणतात माणूस! बघितलंत, पुरुषमंडळी? बाईची अब्रू अशी सांभाळायची असते!"

"किमेता, मी खरं सांगतोय."

"सांग, सांग. छान सांगतोस."

"अरे, मी रुझेच्या बाळासाठी..."

"बाळाचं नावही ठेवून टाक, म्हणजे गोष्ट पक्की होईल," सादुर्नी मागून ओरडला. "सेल्दोनी, तू? यंत्रं यात नाहीत म्हणून माझी इस्त्री तूच परत दुकानात द्यायला लावली होतीस. तू कॅमेरा आणशील? आणि तोही एंग्रासियाच्या टोपलीत? विचारल्याशिवाय तू कुणाच्या मांडीवर रुमाल टाकत नाहीस!"

"मी शपथ घेतो..."

"नको, नको, शपथ नको, नरकात जाशील! एंग्रासिया, तुझ्यासाठी खोटी शपथ घ्यायला निघालेला माणूस मिळाला बघ! फिलोमेनाला सांगायचं का रे?"

सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. जितकं तो बोलला तितक्या त्या वाढल्या. आजवर सांभाळलेलं त्याचं चांगलं नाव भिंतीसारखं त्याच्यापुढे उभं राहिलं, आणि त्यातून त्याचं म्हणणं पलीकडे जाईना. शेवटी बेर्नातनेच ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि सोडतीचा आकडा वाचला.

चर्चसमोर उतरताना त्याने एंग्रासियाची टोपली धरायला हात पुढे केला. तिने टोपली दुसऱ्या हातात घेतली.

"मघाशी मी नुसती चोर होते," ती हळू म्हणाली. "आता चोर झाले आणि वर तुझ्या उपकाराखाली आले. राहू दे, सेल्दोनी. आणखी बोललास तर आणखी वाईट होईल."

घरी फिलोमेनाने डाळीचं सूप गरम ठेवलं होतं. त्याने कोट न काढता सगळं सांगितलं. सबंध गावात त्याचं बोलणं खरं मानणारी ती एकटी निघाली, कारण त्याच्या मनातल्या चोरकप्प्याची किल्ली तेवढी तिच्याकडे होती.

"किती वर्षं बघत होतास तो?"

"ही तिसरी वेळ."

"मला सांगितलं असतंस तर आपण कौलं पुढल्या वर्षी बदलली असती." तिने वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "नातवाचा फोटो कुणीही काढला तरी नातू आपलाच राहिला असता. तिच्या बापाची गोष्ट माहीत होती मला. गावातल्या जुन्या बायकांना माहीत आहे. तुम्ही बसवालेच दरवर्षी हसता."

पुढे फेब्रुवारीत रुझेला मुलगी झाली. जावयाच्या भावाने फोटो काढले. त्यांत सेल्दोनी कडेला उभा आहे, एक हात खिशात. दंडाची रक्कम त्याने भरली. छपरातून त्या वर्षीही पाणी गळलं आणि दुकानात पातेलं ठेवावं लागलं. पातेल्यात थेंब पडला की गिऱ्हाईक वर बघे आणि सेल्दोनी खाली. भट्टीवर एंग्रासियाने किमेताला काय सांगितलं हे त्याला कधी कळलं नाही. एवढंच दिसलं की तिला आता कुणी 'संत' म्हणत नव्हतं. त्याने आणखी तीनचार जणांना खरं सांगून पाहिलं. ते पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "तू मोठ्या मनाचा आहेस." मग त्याने सांगणं सोडलं. ती थाप त्याला चाबकासारखी लागायची.

डिसेंबर आला. यंदा बस काढू नये असं त्याला वाटत होतं. पण एंग्रासिया स्वतः दुकानात आली, जागेसाठी नाव सांगितलं, आणि निघताना म्हणाली, "बहीण वाट बघते. तुझ्यापायी मी तिला सोडू की काय?"

पुन्हा तोच वाहनतळ. एंग्रासिया आपली टोपली आपल्याच हाताने आत घेऊन आली आणि आसनावर बसली. सेल्दोनी वाटेत उभा राहिला. त्याने दिवसभरात स्वतःसाठी एकच वस्तू घेतली होती, लोण्याचा एक पुडा. मर्यादेत बसणारा, कुणाच्या मांडीची गरज नसलेला. तो पुडा हातात घेऊन तो कुणाचंच काही न उचलता तिच्या आसनापाशी गेला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एंग्रासिया, माझं एवढं लोणी आहे. तुझी मांडी देतेस का?"

तिला असं सरळ विचारणारी आजवर एकटी किमेता होती, आणि तेही थट्टेत.

एंग्रासियाने लोण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"नाही," ती म्हणाली.

किमेता खिदळली. "अगं, कॅमेरा चालतो आणि लोणी नको?"

"कॅमेरा ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं," एंग्रासिया म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "विचारलं असतं तर त्यालाही नाहीच म्हटलं असतं. आता त्याला विचारायची अक्कल आली आहे."

किमेताचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने एंग्रासियाकडे बघितलं, मग सेल्दोनीकडे. तो लोण्याचा पुडा हातात धरून उभा होता. त्याने काचेकडे बघितलं नाही. तो एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला, पुढून मागे, जशी ती त्या दिवशी बघत गेली होती. त्याला पुढे काही बोलावं लागलं नाही. ध्वनिक्षेपकावरून जे कुणी मानलं नव्हतं ते त्या उभं राहण्यातून हळूहळू मागच्या आसनांपर्यंत पोचलं.

"देवा," सादुर्नी हळूच म्हणाला. "म्हणजे खरंच."

किमेता उठली. तिने सेल्दोनीच्या अंगावरून हात लांब करून आपली लोण्याची पिशवी उचलली आणि स्वतःच सादुर्नीकडे गेली. "सादुर्नी, ठेवू का रे?" मग दुसरी उठली. त्या वर्षी सगळ्यांनी आपापलं सारखं करून घेतलं, एकमेकांना विचारून. थट्टा नव्हती. सेल्दोनीच्या हातात कुणी काही दिलं नाही. तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

नाक्यावर जुना जाडा शिपाई परत आला होता. एंग्रासियाने रुमाल बाजूला केला. तो हात हलवून पुढे जाणार तेवढ्यात थांबला, कारण गेल्या वर्षीचं नाव त्यालाही माहीत असणार. त्याने टोपलीत डोकावलं. चीज, साखर, वाळलेली पानं. सॉसेज यंदा नव्हतं.

"ठीक आहे, बाई," तो म्हणाला.

"दरवर्षी बघत जा," एंग्रासिया म्हणाली. "नुसतं ठीक म्हणू नका."

पोन्त्सला सेल्दोनी कॉफी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. शेजारच्या खुर्चीवर टोपली होती. तिने ती काढली नाही. त्यानेही ती काढायची वाट बघितली नाही. तो उभ्यानेच कॉफी प्यायला, आणि ती दोघं बहिणीच्या गुडघ्यांविषयी आणि ऊर्जेलच्या बर्फाविषयी बोलली.

त्यानंतरही बस निघत राहिली. नावं लिहायचं काम गावाने सेल्दोनीकडेच ठेवलं, सारखं करायचं काढून घेतलं. ते किमेता करू लागली. पण दरवर्षी सान जुलियाला, तिने सुरुवात करण्याआधी, सेल्दोनी आपला लोण्याचा पुडा घेऊन उठे, एंग्रासियाच्या आसनापाशी जाई आणि विचारी. ती नाही म्हणे. बसमध्ये पुढे नवी माणसं आली, त्यांना हा दोन म्हाताऱ्यांचा काहीतरी जुना विनोद वाटे आणि ती हसत. सेल्दोनी हसत नसे. पुडा घेऊन तो परत आपल्या जागेवर येई, स्वतःच्या मांडीवर ठेवी, आणि नाका ओलांडेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसे.